आकार शिकवायला चार्ट की कागद? (अंगणवाडीतल्या लेकरांसाठी)

पऱ्हाटी

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याच्या बाजूला एका गावात मी अंगणवाडी सेविका आहे. तीन ते सहा वर्षांची लेकरं. आकार शिकवण्याबद्दल बोलायचंय, कारण भिंतीवरच्या त्या चार्टशी माझं काही जमत नाही.

कोणताही चार्ट बघा. त्रिकोण म्हणजे तिन्ही बाजू सारख्या आणि बूड टेकून बसलेला. चौरस सरळ उभा, आयत आडवा. लेकरं ते चित्र पाठ करतात आणि आपण वहीत लिहून मोकळे होतो की आकार झाले. मी एकदा जाड कागदाचा लांबुडका, निमुळता त्रिकोण कापून विचारलं, हे काय? "काटा." बरं, त्रिकोण आहे का? "नाई." मग चार्टवर असतो तसाच त्रिकोण टोक खाली करून धरला, तर म्हणे "आता नाई राह्यला."

म्हणून आमचं काम आता लग्नपत्रिकांवर चालतं. लग्नसराई संपली की घरोघरी पत्रिकांचा ढीग असतो. कागद जाड, मागची बाजू बहुतेक कोरी, आणि घडी कडक बसते. (गणपतीचं चित्र असलेला भाग मी आधीच काढून ठेवते. तो लेकरांनी कापलेला कोणाच्या आजीला दिसला की संपलं.)

रीत अशी. पत्रिका आडवी ठेवायची. आखूड बाजू उचलून लांब बाजूवर आणायची, कडेला कड लावून. कोपऱ्यातून तिरपी घडी पडते. वर त्रिकोण बसतो आणि शेजारी एक पट्टी उरते. त्रिकोणाच्या कडेने पट्टी मागे मुडपायची, नखाने दाबायची आणि फाडायची. त्रिकोण उघडला की चौरस. मग मी विचारते, पट्टी काऊन उरली? लगेच उत्तर येत नाही. एखादं लेकरू पुन्हा घडी घालून बघतं आणि म्हणतं, "हे इकडून लंबं होतं ना." झालं, आयत कळला. तेव्हापासून आमच्याकडे पट्टी उरली की आयत आणि नाही उरली की चौरस. मोठ्या गटातली पोरं दिसेल तो कागद तपासत सुटली. एकीनं घरचं रेशनकार्ड तपासलं, तेव्हा तिच्या आईचा मला निरोप आला.

त्याच चौरसाचे तिरप्या घडीवर दोन त्रिकोण होतात. ते दोन्ही पुन्हा जुळवायला दिले की कोणी परत चौरस करतं, कोणी मोठा त्रिकोण, कोणी तिरका चौकोन. जुळवताना ती तुकडे आपणहून फिरवतात, उलटे करतात. चार्ट कोण फिरवणार?

अडकते दोन ठिकाणी. एक म्हणजे कात्री. तीन वर्षांच्या आणि सहा वर्षांच्या लेकरांना एकाच वेळी कशी द्यायची? दुसरं, पालक म्हणतात ताई, हे खेळ झाले, शिकवता केव्हा? तुमच्याकडे काय करता?

संत्रावाली

वरूडहून. ताई, कात्रीची घाईच करू नका. माझ्या दोन्ही लेकरांवरून सांगते, आधी फाडणं. घडीवर नख ओढायचं, मग दोन्ही हातांचे अंगठे आणि पहिली बोटं घडीच्या अगदी जवळ धरायची, एक हात पुढे एक मागे. लांबून धरून ओढलं की कागद वाकडातिकडा फाटतो आणि लेकरू चिडतं. तीन वर्षांच्याला एवढं पुरे. कात्री दिली तर या वयात नुसते काठाला कापे मारतात, मारू द्या. सरळ रेघेवर कापणं साधारण चौथ्या वर्षी येतं, गोल कापणं त्याच्याही नंतर. गोल कापताना एकच सांगायचं: कात्री नाही, कागद फिरव. कात्रीचा हात पोटासमोरच राहू दे.

आणि पत्रिकेचा जाड कागद कात्री धरायला शिकताना चांगला. वर्तमानपत्राचा पातळ कागद पात्यांच्या मध्ये नुसता वाकून जातो.

निवृत्त_गुरुजी

पऱ्हाटीताई, आपण जे पाहिलं त्यावर डच शिक्षक दांपत्य पिएर आणि डीना व्हॅन हीले यांनी १९५७ मध्ये मांडणी केली होती. त्यांच्या मते भूमितीच्या समजेची पहिली पायरी म्हणजे आकार एकूण दिसण्यावरून ओळखणं. लेकरू बाजू मोजत नाही, कोपरे मोजत नाही. "हे दारासारखं दिसतं म्हणून आयत" असं त्याचं चालतं. चौरस कोपऱ्यावर उभा केला की दिसणं बदललं, म्हणून नावही बदललं. पुढच्या पायरीवर ते गुणधर्म पाहू लागतं. ही पायरी नुसत्या वयाने चढली जात नाही, अनुभवाने चढली जाते, हा त्यांचा मुद्दा. आपली उरलेली पट्टी हा तसाच अनुभव आहे.

कागदाच्या घड्या बालशिक्षणात जुन्याच आहेत. जर्मनीत फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्ग इथे लहान मुलांसाठी संस्था काढली, पुढे १८४० मध्ये तिला किंडरगार्टन हे नाव दिलं. तिथल्या उद्योगांत कागदाला घड्या घालणं आणि पट्ट्या विणणं होतंच. त्यावरूनच सुचून टी. सुंदर राव यांनी १८९३ मध्ये मद्रासेत कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारं अख्खं पुस्तक काढलं. आणि आपल्याकडे, लग्नानंतर काही वर्षं अमरावतीत राहिलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला अनुताई वाघांच्या साथीने बालवाडी सुरू केली, तेव्हा गावात मिळेल त्यातूनच साधनं उभी केली. विकतचं साहित्य नाही म्हणून काम अडलं, ही सबब त्यांनी चालू दिली नाही.

दर्यापूरचा_बबन

ताई, राग नका मानू, पण पालकाच्या बाजूनं बोलतो. आमचं पोट्टं घरी आलं का मी इचारतो, काय शिकला बावा? तं म्हणते कागद फाडला. उद्या कॉन्व्हेंटच्या पोरायसोबत पहिलीत बसन तवा त्यायले एबीसीडी येते, याले पट्टी फाडता येते. आम्ही काय समजावं? गुरुजी म्हणतात जर्मनीत असं होतं. जर्मनीतल्या पोट्ट्याले नवोदयची परीक्षा द्या लागत नाई.

झाडीपट्टी

बबनभाऊंचं एकदम खोटं नाही. 😀 पण भाऊ, ते पोट्टं पेन्सिल कशी धरते ते पाहा एकदा. मी ब्रह्मपुरी तालुक्यात पहिलीला शिकवतो. रट्टा मारून अक्षरं पाठ करून आलेली, पण बोटात जोर नसलेली मुलं येतात. मुठीत पेन्सिल धरून पान फाडतात.

पऱ्हाटी

बबनभाऊ, राग कायचा. तुमच्यासारखेच आमच्या गावातही विचारतात आणि विचारायलाच पाहिजे. पण एक बघा. लेकरू पाहून पाहून गोल काढतं तिसऱ्या वर्षाच्या आसपास. चौकोन यायला चार उलटतात, त्रिकोण पाचाच्या सुमारास, आणि पतंगासारखा तिरका चौकोन काढायला सहा-सात. तिरकी रेघ अवघड असते हो. आता "य", "र", "भ" मध्ये किती तिरकं आणि वळणाचं आहे ते पाहा. "ठ" मध्ये गोल आहे, "ट" मध्ये उघडा राहिलेला गोल. "व"च्या पोटात तिरकी काडी टाकली की "ब". ज्याच्या बोटांनी तिरपी घडी घातली, त्रिकोणाचं टोक बोटानं चाचपलं, त्याला रेघ कुठे वळवायची ते पाटीवर सांगावं लागत नाही. अक्षरं आम्ही करतोच, फक्त हाताची तयारी झाल्यावर.

पुढच्या वेळी पोरानं "कागद फाडला" म्हटलं की त्याला म्हणा, फाडून दाखव. आणि पट्टी काऊन उरली ते विचारा.

पुण्यात_पण_पुसदचा

गणिताच्या अंगाने एक खुसपट काढू का? पऱ्हाटीताईंची पट्टीची कसोटी लग्नपत्रिकेवर पक्की आहे, कारण पत्रिकेचे कोपरे आधीच काटकोन असतात. पण समभुज चौकोन, म्हणजे चारही बाजू सारख्या पण कोपरे चेपलेले, तोही कोपऱ्यावर कोपरा ठेवून दुमडला तर बरोबर जुळतो. पट्टी उरत नाही. लेकरं त्यालाही चौरस म्हणतील. अशा वेळी दुसरी घडी घालायची, बाजूवर समोरची बाजू. चौरस तसाही जुळतो, चेपलेला जुळत नाही, कोपरे बाहेर डोकावतात. दोन्ही घड्या जुळल्या की मगच चौरस.

आणखी एक गंमत, जरा मोठ्या मुलांसाठी. ए-फोर कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा असतो. तो मधोमध दुमडून कापला की अर्धा भाग हुबेहूब त्याच आकाराचा, फक्त लहान. अजून अर्धा करा, तरी तेच. लांबी-रुंदीचं गुणोत्तर दोनाच्या वर्गमुळाएवढं ठेवल्यामुळे हे होतं. लग्नपत्रिका किंवा वहीचं पान अर्धं करून पाहिलं तर असं होईलच असं नाही, कधी फार लांबुडकं, कधी बुटकं. पहिली-दुसरीच्या मुलांना वर्गमूळ सांगायची गरज नाही. लहान कागद मोठ्यावर कोपऱ्याला कोपरा लावून ठेवायचा आणि मोठ्याच्या तिरप्या घडीवर लहानाचा समोरचा कोपरा येतो का ते बघायचं. आला की दोघं एकाच आकाराचे.

पऱ्हाटी

हे चांगलं सांगितलंत. संक्रांतीला हाच घोळ होतो. पतंगाचा कागद चौरस, पण हातात धरतो कोपऱ्यावर, मधे उभी काडी आणि वरून वाकवलेली कमान. लेकरं म्हणतात हा चौरस नाही, पतंग आहे. मी ताव जमिनीवर सरळ ठेवते, तर म्हणतात आता चौरस आहे. परत फिरवला, परत पतंग. वाद घालत नाही मी. कागदाच्या चार कोपऱ्यांना चार रंगांचे ठिपके लावते आणि कागद हळूहळू फिरवत "आता कोण गेलं? कोपरा गेला का? बाजू गेली का?" विचारते. मोठ्या गटातल्यांना तेव्हा पटायला लागतं. छोट्यांना नाही पटत. नाही पटलं तर नाही.

मेळघाटातून

धारणीकडून लिहितोय. आमच्याकडच्या लेकरांची घरची भाषा कोरकू. त्रिकोण, चौरस, वर्तुळ हे शब्द त्यांना तीन वेगळे परके आवाज. म्हणून मी नावं शेवटी घेतो. आधी "याच्यासारखा अजून एक शोध" एवढंच काम. तुकडे जमिनीवर पसरायचे, एक उचलून दाखवायचा, त्याच्यासारखे गोळा करायचे. कोणी रंगावरून गोळा करतं, कोणी आकारावरून. दोन्ही बरोबर. मग सगळे तुकडे एकाच रंगाचे करायचे, म्हणजे रंगाची सोय जाते आणि आकाराकडेच बघावं लागतं. त्यासाठी वर्तमानपत्र बरं, सगळं एकसारखं करडं.

पावसाळ्यात मात्र कागदाची वाट लागते. हवा इतकी दमट असते की घडीच बसत नाही, कागद ओल्या कपड्यासारखा लोंबतो. तेव्हा आम्ही सागाचं नाहीतर पळसाचं पान घेतो. पळसाला पानं तीनच, त्यामुळे एकेका लेकराला एकेक डहाळी दिली की मोजणंही होतं. कडेला कड लावून पान दुमडलं की दोन्ही बाजू जुळतात का ते दिसतं. मधलं पान जवळजवळ जुळतं, बाजूची दोन नाही जुळत, एकीकडे फुगलेली असतात. हे मी त्यांना सांगितलं नव्हतं, त्यांनीच दाखवलं.

संत्रावाली

किती छान! खळीचं काय करता पावसात? माझी दोन दिवसांत आंबते.

मेळघाटातून

रोज ताजी. एक वाटी पाण्यातलं थोडं पाणी घेऊन त्यात दोन चमचे मैदा गुठळी न होता कालवायचा, उरलेलं पाणी उकळून त्यात ओतायचं आणि मंद आचेवर पारदर्शक होईस्तोवर ढवळायचं. ब्रशची गरज नाही, बोटानेच लावू द्या. बोट बरबटलं की पुसायला ओलं फडकं, नाहीतर केसाला पुसतात.

निवृत्त_गुरुजी

एक सावधगिरी. जुने बुकबाइंडर खळ टिकावी, कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद टाकत. मोठ्यांच्या सांगण्यावरून कोणी अंगणवाडीच्या खळीत टाकू नये, ते विष आहे आणि लेकरं बोटं तोंडात घालतात. आंबली तर फेकावी.

झाडीपट्टी

तान्ह्या पोळ्याचा विषय कसा निघाला नाही अजून? आम्ही दरवर्षी कागदी नंदी करतो. आयताचं अंग, त्रिकोणाची शिंगं, गोल डोळे, चार उभ्या पट्ट्यांचे पाय. मुलं आकारांची नावं घेत घेत चिकटवतात. प्रदर्शनात लाकडी नंद्यांच्या शेजारी मांडतो, पालक खूश.

पऱ्हाटी

भाऊ, विचारू का एक? ते तुकडे कापून कोण देतं?

झाडीपट्टी

मीच. आदल्या रात्री घरी बसून. बायको मदत करते.

पऱ्हाटी

तेच तर. मग घडी तुम्ही घातली, कापलं तुम्ही, शिंग किती निमुळतं हवं हे ठरवलंही तुम्हीच. लेकराला उरली खळ. वीस नंदी एका साच्यातून काढल्यासारखे दिसतात, तपासणीला आलेल्या मॅडमना आवडतात, फोटोही छान येतो. पण आकार शिकले असतील तर तुम्ही आणि वहिनी.

तुम्हाला एकट्याला नाही म्हणत. आमच्या प्रशिक्षणातही तयार तुकड्यांचंच दाखवतात. मी आता असं करते: प्रत्येकाला एक चौरस, एक आयत. त्यातून नंदी करायचा. बाकी काही देत नाही. मागच्या पोळ्याला एका पोरानं चौरसाचे दोन त्रिकोण केले, एकाचं तोंड केलं, आणि शिंगांना काही उरलंच नाही. थोडा वेळ बसला. मग दुसरा त्रिकोण मधोमध दुमडून फाडला, दोन छोटे निघाले, लावले डोक्यावर. पाय नव्हते. मी म्हटलं पाय? तर म्हणे "बसला हाये."

झाडीपट्टी

😂 मान्य ताई. यंदा तसंच करून बघतो. पण मग प्रदर्शनात पाय नसलेले बैल मांडायचे तर पालकांची तोंडं तुम्ही बघायला या.

दर्यापूरचा_बबन

बसलेला बैल लय भारी. आमच्या घरी पट्टीचं इचारलं मी पोट्ट्याले. त्यानं मले वीजबिल आणून दाखवलं, "बाबा, हे आयत हाये." बिल किती आलं ते नाई इचारलं त्यानं, तेवढं बरं. बरं एक सांगा, चेंडूले वर्तुळ म्हणू द्याचं का? तो म्हणते चेंडू वर्तुळ, डबा चौकोन.

निवृत्त_गुरुजी

बबनराव, चुकीचं म्हणून टोकू नका, दाखवा. कागदाचा गोल कापून चेंडूशेजारी ठेवा. दोन्हीवर तळहात ठेवायला सांगा. एक सपाट, एक फुगीर. चपटं आणि भरीव यातला फरक हाताला लगेच कळतो, डोळ्याला उशिरा, कारण चित्रात दोन्ही सारखेच दिसतात. मग आयताकृती कागदाची सुरळी करून कडा चिकटवा: पोळीचं लाटणं झालं, म्हणजे वृत्तचिती. अर्धगोल कागद गुंडाळा, शंकू. पूर्वी दुकानदार फुटाण्याची पुडी कागदाचा शंकू करूनच द्यायचे. सपाट कागदातूनच पोकळ वस्तू उभी राहते, हे पाहायला मुलांना फार आवडतं. आणि मग उलट: तीच पुडी उलगडून बघायची, आत कोणता आकार लपला होता?

पुण्यात_पण_पुसदचा

गुरुजी, पुडी उलगडायच्या आधी फुटाणे खाऊन घ्यायचे, हे राहिलं.

आणि गोलाचा मध्य शोधायचा असेल तर एकदा अर्धी घडी, उघडा, दुसरीकडून अर्धी घडी. दोन घड्या जिथे एकमेकींना छेदतात तो मध्य. तिथे टाचणी टोचून चक्री करता येते. फिरली नाही तर घडी अर्धी नव्हती.

संत्रावाली

टाचणी मोठ्यांनी टोचायची बरं का. आणि गोल आखायला काचेची बांगडी नको, वाटी किंवा डब्याचं झाकण. आमच्याकडे बांगडी फुटून झालेलं आहे.

पऱ्हाटी

वाटीच घेते मी. पंखा मात्र बंद ठेवावा लागतो, नाहीतर सगळे आकार अंगणात. मे महिन्यात तेही शक्य नसतं, तेव्हा प्रत्येक लेकरू आपला एक दगड आणतं कागदावर ठेवायला.

अजून एक विचारायचं राहिलं. मोठ्या गटात एक मुलगी डावखुरी आहे. घडी बाकीच्यांपेक्षा सुरेख घालते, पण कात्री दिली की कागद नुसता चघळल्यासारखा होतो. हात बदलायला लावायचा नाही हे मला माहीत आहे. मग काय करू?

संत्रावाली

माझा धाकटा डावखुरा आहे. दोष तिचा नाही, कात्रीचा. नेहमीची कात्री उजव्या हाताच्या दाबावर पाती घट्ट जुळतील अशी केलेली असते. डाव्या हातात तोच दाब पाती एकमेकांपासून दूर ढकलतो, मग कागद कापला न जाता मधे वाकतो. वरून वरचं पातं नेमकं रेघेवर येतं, तिला रेघ दिसतच नाही. डावखुऱ्यांची वेगळी कात्री मिळते, दुकानात "डाव्या हाताची" म्हणून विचारा. नुसती प्लॅस्टिकची मूठ दोन्हीकडून सारखी असून चालत नाही, पाती उलट हवीत. मिळेपर्यंत फाडू द्या. आणि गोल कापायचा झाला की आपण घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने कापत जातो; तिला काट्यांच्या दिशेने जाऊ द्या.

पऱ्हाटी

हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. यवतमाळला जाणाऱ्या कोणाला तरी कात्री आणायला सांगते. दिशेचं आमच्या मदतनीस ताईंना आजच सांगून ठेवलं पाहिजे, कारण त्या दर वेळी प्रेमानं तिचा कागद "सरळ" करून देतात.